चोवीस तासांची बाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वृद्धाश्रमांवर लेख आला आणि त्यावर पुढे बरेच दिवस वाचकांची पत्रे येत राहिली. बहुतेकांचा सूर एकच होता. आईबापांना आश्रमात ठेवणारी मुले कृतघ्न आणि घरी सांभाळणारी श्रावणबाळ. मी या दुसऱ्या गटातली. माझ्या सासूबाई 88 वर्षांच्या आहेत, खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झालेले आहे, स्मृती बरीचशी गेलेली आहे आणि त्या आमच्या घरीच आहेत. तरी ती शाबासकी मला नको. सासूबाई घरी राहू शकल्या याचे माझ्याकडे फार तर निम्मे श्रेय येईल. उरलेले त्यांना सांभाळायला जत तालुक्यातून आलेल्या एका बाईंचे आहे, आणि एवढ्या पत्रांत अशा बाईंबद्दल कोणी अवाक्षर काढलेले मला दिसले नाही.

आम्ही वृद्धाश्रमाचा विचार केला नव्हता असे नाही. डिस्चार्ज मिळायच्या आधीच माझे धाकटे दीर पुण्याहून आले ते तिथल्या जवळच्या एका केंद्राची माहिती घेऊन. आम्ही तिघेही जाऊन पाहून आलो. मला ते अजिबात वाईट वाटले नाही. भिंतींना धरायला दांडे, पलंगापाशी घंटी, चाकाची खुर्ची आत जाईल एवढे न्हाणीघराचे दार, जमिनीवर एकही उंबरठा नाही. आमच्या मिरजेच्या घरात प्रत्येक खोलीला उंबरठा आहे आणि सासूबाई त्यातल्याच एकाला अडखळून पडल्या. दर महिन्याला 38 हजार, औषधे आणि डायपर वेगळे. दीर म्हणाले, "वहिनी, मी निम्मे देतो, तुम्ही दोघांनी आता या वयात हे अंगावर घेऊ नका." बोलणे प्रामाणिक होते. मी 63 वर्षांची, यांची पाठ कायमची धरलेली.

अडले ते वेगळ्याच गोष्टीपाशी. सासूबाईंचे माहेर कर्नाटकातल्या जमखंडीचे. लग्न होऊन मिरजेला आल्या आणि त्यानंतर सगळा संसार मराठीत झाला. इतका, की माझ्या मुलांना आजीला कन्नड येते हेच ठाऊक नव्हते. पण पडल्यानंतर, त्यातही भूल उतरल्यानंतर, त्यांची मराठी मागे पडू लागली. तहान लागली की "नीर कोडु", नको असले की "बेडा", पोट भरले की "साकु". त्या केंद्रात मी व्यवस्थापक बाईंना विचारले, इथे कन्नड कोणाला येते का? त्यांनी खरे ते सांगितले. नाही येत. रात्री एखादीला पाणी हवे आहे की लघवीला जायचे आहे हे कळायला वेळ लागला तर पुढे काय होते, ते घरात आजारी माणूस असलेल्या कोणालाही सांगायला नको. मिरजेत निदान कन्नड समजणारे माणूस शोधले तर सापडते. आम्ही त्यांना घरी आणले.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. डॉक्टर वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रुग्णालय उभारले तेव्हापासून लांबलांबून, कर्नाटकातूनही, पेशंट येतात आणि त्यांच्यामागे बाकी सगळे येते. खाटा भाड्याने देणारे, हवेची गादी देणारे, आणि ब्युरोवाले. ब्युरो म्हणजे आया आणि मदतनीस पुरवणारे लोक. एक फोन केला की संध्याकाळपर्यंत बाई दारात. आमच्याकडे आलेल्या पहिल्या मुलीला 'अनुभवी' म्हणून पाठवले होते. तिने सासूबाईंना उठवायचे म्हणून दोन्ही हातांना धरून सरळ ओढायला सुरुवात केली. मी किंचाळलेच. पोरीचा दोष नव्हता, तिला कोणी शिकवलेच नव्हते. वीस-एकवीस वर्षांची, आदल्या आठवड्यापर्यंत बेकरीत कामाला होती.

त्यानंतर मावशी आल्या. जतच्या अलीकडच्या एका वाडीतल्या, वय 46, नवरा नाही, एक मुलगा ऊसतोडीला जातो, मुलीचे लग्न झालेले. मराठी बोलताना कन्नड हेल. आल्या आल्या त्यांनी सासूबाईंच्या उशाशी बसून काहीतरी विचारले आणि सासूबाई त्यांच्याशी बोलू लागल्या, इतके सलग की आम्ही दोघे बघत राहिलो. काय बोलणे झाले ते मला कळले नाही. मावशींना विचारले तर म्हणाल्या, "काय न्हाई, त्यांच्या घराच्या विहिरीला पाणी किती हाय ते सांगत्यात."

या कामात काय काय असते ते थोडे लिहिते, कारण 'बाई ठेवली आहे' एवढ्या तीन शब्दांत ते झाकून जाते. सासूबाईंच्या खुब्यात कृत्रिम गोळा बसवला आहे. झोपेत कूस बदलताना त्या बाजूचा पाय दुसऱ्या पायाच्या पलीकडे जाता कामा नये, नाहीतर गोळा निखळायची भीती. म्हणून दोन पायांत उशी. कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. टाचांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच अधांतरी राहील अशी. मावशी रोज सकाळी पुसून काढताना माकडहाडापाशी आणि टाचांवर लाल दिसले की बोट दाबून बघतात. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर ठीक. लालच राहिली तर त्या कुशीवर दिवसभर झोपवायचे नाही. हे त्यांना एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवले, आमच्या पैशाने, आमच्या घरी. ब्युरोने नाही. आजपर्यंत सासूबाईंना एकही जखम झालेली नाही.

आणि दिवेलागणी. ज्यांच्या घरात विसरण्याचा आजार आहे त्यांना ही वेळ माहीत असेल. उजेड कमी व्हायला लागला की सासूबाई बेचैन होतात. पिशवीत दोन लुगडी कोंबतात आणि जमखंडीला जायला निघतात. आम्ही आधी समजावत होतो, की तुमच्या माहेरी आता कोणी नाही, घर विकले. त्यावर त्या रडायच्या, कधी हात उगारायच्या. मावशी वाद घालत नाहीत. वॉकरने त्यांना फाटकापर्यंत नेतात, रस्त्याकडे बघतात आणि कन्नडमध्ये सांगतात, कृष्णेला पूर आलाय, वाटेवरचा कुडचीचा पूल पाण्याखाली आहे, एसटी बंद. हे सासूबाईंना एकदम पटते. कुडचीचा पूल बुडणे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. मग पिशवी घेऊन परत. भर उन्हाळ्यात, कृष्णेच्या पात्रात खडक दिसत असतानासुद्धा आमच्याकडे रोज संध्याकाळी पूर येतो.

आता मूळ मुद्दा. ब्युरोच्या छापील फॉर्मवर लिहिले होते 'पेशंट केअर, 24 तास'. दिवसाला 850 रुपये. त्यातले मावशींच्या हातात पडत 600. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत कलमे होती. बाईला परस्पर कामावर ठेवल्यास दंड, मुदत अमुक. सुट्टीबद्दल, झोपेबद्दल एक ओळ नाही. मावशींचे मूळ आधार कार्ड ब्युरोच्या कपाटात, गावी जाताना मागून घ्यायचे. असे ठेवून घेता येत नाही म्हणून मी फोनवर सांगितले तर उत्तर मिळाले, "मॅडम, मग बाई पळून गेल्यावर तुम्हीच आम्हाला फोन करता." (ते कार्ड यांनी स्वतः जाऊन आणले. सेवेतली अडतीस वर्षे तहसील कचेरीत काढलेल्या माणसाचा आवाज अशा वेळी उपयोगी पडतो.)

रात्री अकरा, एक, तीन, पाच. एवढ्या वेळा कूस बदलायची, मध्ये एखाददोनदा ओले झाले तर बदलायचे, आणि सकाळी सहाला पुन्हा दिवस सुरू. हे एकच माणूस रोज करील हा हिशेब कोणत्या गणितात बसतो? मी शाळेत गणितच शिकवले, मला बसवता आला नाही. चोवीस तास जागे राहणारे माणूस नसते. तरी ते आपण मागतो, ब्युरो विकतो, आणि मग ती दुपारी पेंगली की 'लक्ष नाही' म्हणून तक्रार करतो. आमच्या शेजारच्या एक सुशिक्षित बाई मला म्हणाल्या, "अहो, पैसे देऊन ठेवलीय ना? मग रात्रीचे तुम्ही कशाला उठता?" मी उठते कारण मी न उठले तर तिसऱ्या-चौथ्या रात्री मावशी उठणार नाहीत, आणि त्यात गैर काही नाही.

आमच्या घरी ठरले आहे ते असे. रात्री एकपर्यंतचे मावशी करतात, तीनचे मी, पाचचे हे. दुपारी जेवण झाल्यावर मावशी माडीवर जाऊन दार लावून झोपतात, त्या वेळेत त्यांना हाक मारायची नाही. रविवारी त्या कुपवाडला बहिणीकडे जातात, त्या दिवशी सांगलीहून माझी नणंद येते. महिन्यातून एकदा जोडून सुट्टी घेऊन गावी. लसूण सोलणे, पोळ्या लाटणे, पाहुण्यांना चहा ही त्यांची कामे नाहीत. हे शेवटचे पाळायला आम्हाला सर्वांत जड गेले, कारण बाई घरात रिकामी बसलेली दिसली की आपल्या जिभेवर काम येतेच. करारातली मुदत संपल्यावर आम्ही ब्युरो सोडला. आता 24 हजार रुपये थेट मावशींच्या बँक खात्यात जमा होतात. ब्युरोला देत होतो त्याहून आम्हाला थोडे कमीच पडतात आणि त्यांना सहा हजार जास्त मिळतात.

दिरांशी एकदा वाजले ते कॅमेऱ्यावरून. त्यांचे म्हणणे, आईच्या खोलीत सीसीटीव्ही लावू, मला पुण्याहून बघता येईल. बातम्या वाचून माणूस घाबरतो हे मला कळते. पण त्या खोलीत मावशीही झोपतात, कपडे बदलतात. सहा महिने, वर्षभर दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला एक भिंतसुद्धा स्वतःची नसावी? शेवटी कॅमेरा सोप्यात लागला, दाराकडे तोंड करून, मावशींना सांगून. घरात काम करणाऱ्या बाईच्या लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हेही मी त्यांना सांगून ठेवले आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं कोण हाय तसलं?" तरी सांगितलेले बरे.

हे सगळे जमते कारण आमची दोघांची पेन्शन आहे, नणंद जवळ आहे, मी नोकरीतून मोकळी आहे. यातले एक जरी नसते तर मी त्या पुण्याजवळच्या केंद्रात सासूबाईंना ठेवले असते आणि दर रविवारी भेटायला गेले असते, आणि मला कोणी कृतघ्न म्हटले असते तर मी ऐकून घेतले नसते. तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या घरात एकट्या पंच्याहत्तरीच्या नवऱ्याने अंथरुणाला खिळलेल्या बायकोला घरीच ठेवावे असा सल्ला देणाऱ्यांनी आधी त्या घरात एक रात्र काढावी.

सरकारला हे माहीत नाही असेही नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 चा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. घरी येऊन सेवा करणाऱ्यांचा विचार त्यात नाही. तो विचार डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात होता. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान निकष, मदतनिसांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र, सगळे. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, मंजूर काही झाले नाही आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळले. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2011 मध्ये जिनिव्हाला झाला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भारताने बाजूने मत दिले आणि त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, आणि तरीही मावशींसारख्या घरातच राहणाऱ्या बाईची झोप आणि सुट्टी मालकाच्या मनावर. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तयार करता येईल का हे पाहायला समिती नेमा असे केंद्राला सांगितले. बघू.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ते रुग्णालयातल्या उपचारांपुरते. खुबा बसवायला पैसे आहेत, बसवलेला खुबा जागेवर राहावा म्हणून घरी जे करावे लागते त्याला नाहीत. देशात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाने आजारी असल्याचा अभ्यासकांचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला होता. एवढ्या खाटा वृद्धाश्रमांत कधीही होणार नाहीत. म्हणजे बहुतेकांचे म्हातारपण घरीच निघणार, कोणा ना कोणा मावशींच्या हाताखाली. त्या मावशींना शिकवणारे आणि त्यांना पाठवणाऱ्याची नोंद ठेवणारे कोणीतरी हवे. आणखी एक सोय मला फार हवी आहे. मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते. मावशींना तेव्हा चार दिवस गावी जायचे असते आणि जायलाच हवे. त्या चार दिवसांपुरते सासूबाईंना जवळच्या शासकीय रुग्णालयात किंवा चांगल्या वृद्धाश्रमात माफक पैसे भरून ठेवता आले, तर घर आणि आश्रम यांतले एकच निवडा असा प्रश्नच पडणार नाही. आश्रम चालवणाऱ्यांनीही याचा विचार करावा. आमच्यासारखी गिऱ्हाइके पुष्कळ मिळतील.

कायदे व्हायचे तेव्हा होतील. एक गोष्ट मात्र, संपादक महोदय, आपल्या हातातली आहे. ज्या रविवारी तो वृद्धाश्रमांवरचा लेख आला, त्याच अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर चार ब्युरोंच्या जाहिराती होत्या. चारींत 'चोवीस तास बाई मिळेल', एकीत वर 'सुट्टी नाही' हेही, जणू ते खास वैशिष्ट्य. आपण जाहिरातीचे पैसे शब्दांवर घेता. अशा जाहिरातीत रोजच्या विश्रांतीचे तास आणि आठवड्याची सुट्टी लिहिल्याशिवाय ती घ्यायची नाही, असा नियम आपल्या कचेरीत करता येईल का? जाहिरातदाराला पाच-सहा शब्दांचे पैसे जास्त पडतील, आपलेही काही नुकसान नाही.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज

(नाव छापू नये ही विनंती. मावशींच्या गावच्या एसटी स्टँडवरही आपला अंक येतो.)